अध्यक्षांचे डोळे

मोतीरामकडे कुणी पुतळा सांगायला आलं की तो आधी त्याला ओटीवर बसवायचा, तांब्याभर पाणी पुढं ठेवायचा आणि मगच विचारायचा, "काय केलंन यानं?"

गिऱ्हाईक घाईत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी आंदोलन, पत्रकारांना निरोप गेलेले, आणि हा मिशीवरून हात फिरवत चौकशी करतोय.

"तुला काय करायचंय? तू पुतळा बांध."

"तसं नाय. मानूस जाळाचा म्हंजे कारन नको?"

"माणूस कुठला? पेंढाच तो."

"पेंढा तर तुमच्या दारात पन हाय. मंग माझ्याकडं कशाला आलाव?"

यावर गिऱ्हाईक मुकाट्यानं गुन्हा सांगायला लागे. कारण रोह्यापासून पेणपर्यंत असा पुतळा बांधणारा दुसरा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकापेक्षा मोतीरामला जास्त चांगली ठाऊक होती.

निडी स्टेशनच्या मागं टेकाडाच्या उतारावर त्याची आदिवासीवाडी. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, उन्हाळ्यात वीटभट्टीवर, मधल्या दिवसांत कंपनीच्या गाड्या भरायला, अशी वाडीतल्या सगळ्यांचीच कामं, मोतीरामचीही तीच. पण लग्नाआधी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात राहिला होता. आधी माती मळली, मग मूर्ती घासल्या. एका वर्षी चतुर्थी तोंडावर आली आणि डोळ्यांची आखणी करणारा कलाकार तापानं आडवा झाला, तेव्हा मालकानं लहान मूर्तींपुरता ब्रश मोतीरामच्या हातात दिला. डोळे आखणं म्हणजे मूर्तीत जीव ओतणं. ते काम कुणाच्याही हातात जात नाही. मालकानं त्याला एकच डोळा शिकवला. अर्धा मिटलेला, किंचित खाली बघणारा, समोरच्याचं सगळं माहीत असूनही न रागावलेला. मोतीरामनं तो भिंतीवर, पाटीवर, मालकाच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोटानं असा गिरवून गिरवून पक्का केला. पुढं पावडरीच्या धुळीनं खोकला जडला, लग्न झालं, बायकोनं, म्हणजे आवडीनं, त्याला वाडीवर परत आणलं. डोळा मात्र हातात राहिला.

पुतळ्यांच्या धंद्यात तो रागापायी शिरला. रोह्यात सिमेंटच्या गोण्या उतरवत असताना समोर कुठल्याशा पक्षाचं आंदोलन चाललं होतं. बांबूला मडकं अडकवून त्याला शर्ट घातला होता. मडकं सारखं फिरत होतं, त्यामुळं ज्याचा निषेध चालला होता तो नेता एकदा लोकांकडं आणि एकदा पेट्रोल पंपाकडं बघत होता. मोतीरामला ते सहन झालं नाही. गोणी खाली टाकून तो गर्दीत घुसला आणि म्हणाला, "ह्या खुंटीला कोन घाबरंल? व्हा बाजूला." अर्ध्या तासात त्यानं सुतळी आणि पेंढ्यानं असा माणूस उभा केला की घोषणा देणाऱ्यांचा आवाज आपोआप चढला.

तेव्हापासून सगळे पक्ष त्याच्याकडं यायला लागले. हा त्याचा जाळायचा, तो ह्याचा. मोतीराम कुणालाच नाही म्हणत नसे. "डाक्तर काय पक्ष बघून सुई देतो काय?" असं तो विचारी. त्याचे नियम होते ते वेगळेच. देवाधर्माच्या माणसाचा पुतळा नाही, मेलेल्याचा नाही, आणि बाईमाणसाचा तर नाहीच. हा तिसरा नियम आवडीनं घालून दिला होता. बांधणीचे प्रकारही त्यानं ठरवले होते. 'जोडे मारो' असेल तर पेंढा दाबून, पोटात गोणपाट घालून, नाहीतर तिसऱ्याच चपलेला नेता मोडतो. 'दहन' असेल तर सैल आणि कोरडा. दोन्ही पाहिजे असेल तर छाती घट्ट आणि पाय सैल.

जळण्यावरून त्यानं एक शास्त्रही बसवलं होतं. जो भुरकन पेटतो तो पुढच्या निवडणुकीत पडतो. जो नुसताच धुमसत राहतो त्याची खुर्ची हलत नाही. हे भाकीत दोनदा खरं ठरलं होतं. बाकीच्या वेळांबद्दल तो बोलत नसे.

हळूहळू पुतळे लांबलांबचे येऊ लागले. आधी तालुक्याचे, मग जिल्ह्याचे, मग दिल्लीचे. आणि मोबाईल घरोघर झाल्यावर थेट समुद्रापलीकडचे. पनवेलच्या पुढं कधी न गेलेल्या मोतीरामनं अर्ध्या जगाचे राज्यकर्ते आपल्या अंगणात उभे केले होते. प्रत्येकाचा गुन्हा त्यानं विचारून घेतलेला, त्यामुळं प्रत्येकाबद्दल त्याचं मत होतं. निडी स्टेशनजवळच्या टपरीवर कुणी दोन देशांच्या लढाईचा विषय काढला की मोतीराम चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणे, "दोगांचे पन केलेत मी. त्यांचं एकमेकांशी काय पटत नाय ते सोडा, पँट दोगांना एकच होती." आणि ते खरं होतं. पहिला पुतळा पेणच्या रामवाडीला पोचवायचा होता. वडखळला वाहतूक अशी तुंबली की तो पोचेपर्यंत आंदोलन उरकून लोक जेवायला गेले होते. मग तोच पुढच्या आठवड्यात मिशी लावून शत्रू म्हणून जाळला.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी सुजय त्याच्या ओटीवर येऊन बसला. सुजय म्हणजे एका पक्षाचा रोह्यातला युवा अध्यक्ष. चौकात त्याचं मोबाईलचं दुकान होतं आणि दुकानावर त्याचाच मोठा फोटो होता.

"या खेपेला बाहेरचा हाय," सुजय म्हणाला आणि त्यानं दूरच्या एका मोठ्या देशाचं नाव घेतलं. "तिथला अध्यक्ष."

"काय केलंन?"

"आपल्या मालावर कर बसवलाय. डबल."

"कोनत्या मालावर?"

"सगळ्याच. कपडा, औषधं, कोळंबी."

मोतीराम ताठ बसला. "आपली कोळंबी तिकडं जाते?"

"जाते म्हणजे? चांगली चांगली सगळी तिकडंच जाते."

"तरीच! मंग आता ती इकडंच ऱ्हाईल? सस्ती होईल?"

सुजय जरा गडबडला. "तसं नसतं रे ते."

"मंग कसं असतं? मला तर वाटतंय बरंच केलंन त्यानं."

"मोतीरामदादा," सुजय गंभीर होऊन म्हणाला, "तू देशाच्या बाजूनं हायस का कोळंबीच्या?"

हा प्रश्न मोतीरामला आजवर कुणी विचारला नव्हता. तो विचारात पडला. आतून चुलीपाशी बसलेली आवडी ओरडली, "देशाच्या बोल आनि मोकळा हो रं बाबा! गिऱ्हाईक उठून चाललाय."

मोतीराम देशाच्या बाजूनं झाला. पण मनापासून झाला नाही, आणि म्हणूनच की काय, त्यानं हा पुतळा फार मन लावून केला. नेहमी चेहऱ्यावर फोटो चिकटवायचा रिवाज होता. या खेपेला त्यानं सुजयला फोटो आणूच दिला नाही. कागदाचा लगदा भिजवून त्यानं खरंखुरं डोकं केलं, गाल केले, मक्याच्या तुऱ्यांचे केस बसवले, आणि शेवटी नेहमीच्या सवयीनं डोळे आखले.

राहिला सूट. परदेशी अध्यक्ष सदऱ्यात शोभत नाही, असं सुजयनं बजावलं होतं. तो प्रश्न आवडीनं सोडवला. ती रोह्यात दामोदर सरांकडं धुण्याभांड्याला जायची. तिनं सरांच्या बायकोला, वत्सलाबाईंना विचारलं, "बाई, जुना कोट हाय का ओ एकादा? आमच्या घरी लागतो."

"मोतीरामला?"

आवडी नुसती हसली. वत्सलाबाईंनी ट्रंक उघडली. तळाशी निळा कोट होता, सरांच्या लग्नातला. खिशापाशी एकदा फाटलेला आणि काळ्या दोऱ्यानं रफू केलेला. "ने बाई," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाटतं, अजून एकदा बारीक होऊन हा घालणार आहेत. ह्यांना सांगू नकोस म्हणजे झालं."

आंदोलनाच्या सकाळी आवडी नेहमीप्रमाणं कामावर पुढं गेली. मोतीराम अध्यक्षांना खांद्यावर टाकून यष्टीच्या थांब्यावर आला. त्यांच्या चेहऱ्यावर त्यानं गमछा बांधला होता, धूळ बसू नये म्हणून. गाडीत एकच जागा रिकामी होती, खिडकीवर 'विधानसभा सदस्यांसाठी राखीव' लिहिलेली. मोतीरामनं अध्यक्षांना तिथं बसवलं आणि आपण दांडी धरून उभा राहिला.

"हा कोण?" कंडक्टरनं विचारलं.

"बाहेरच्या देशाचा अध्यक्ष."

"मग बसू दे. आमदार काय यष्टीनं येत नाहीत."

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मात्र हे ऐकलं नव्हतं. चेहरा झाकलेला, मान कलंडलेली बघून त्यानं कळवळून विचारलं, "फार आजारी दिसतात हो. दवाखान्यात नेताय?"

"नाय," मोतीराम खरं तेच बोलला. "जाळाला."

म्हातारा उठून मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, तो रोहा येईपर्यंत पुढं आला नाही.

चौकात माणसं बेताचीच जमली होती. सुजयचे कार्यकर्ते, दोन पत्रकार, बाजाराला आलेले आणि बघायला थांबलेले लोक, आणि ज्यांच्या नेहमीच्या जागेवरच आंदोलन आल्यामुळं आपोआप पहिल्या रांगेत आलेल्या भाजीवाल्या. एका बाजूला पोलिसांची गाडी होती आणि तिच्यापाशी फौजदार ऋजुता मॅडम घड्याळ बघत उभ्या होत्या.

सुजयनं प्रमुख पाहुणे म्हणून दामोदर सरांना बोलावलं होतं. सर निवृत्त झाल्यापासून रोह्यात एक नागरी स्वातंत्र्य मंच चालवत. मंचाचे सभासद तसे मोजकेच, आणि त्यातलेही काही फक्त वाचनालयातल्या पंख्यासाठी यायचे, पण सरांचा विश्वास मोठा होता. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "मित्रहो, पुतळा जाळणं मला व्यक्तिशः आवडत नाही. मला पडवळही आवडत नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या ताटातलं पडवळ मी उचलणार नाही! निषेध हा नागरिकाचा हक्क आहे. आज या चौकात कुणाचाही पुतळा असो, त्याला चप्पल मारण्याचं स्वातंत्र्य अबाधित राहिलं पाहिजे. मग कुणाच्या भावना दुखोत, कुणाच्या न दुखोत."

टाळ्या पडल्या. ऋजुता मॅडम पुढं आल्या. "सर, दहनाला परवानगी नाही. जोडे मारा, घोषणा द्या आणि आटपा."

"मॅडम, शांततेनं आणि शस्त्राविना एकत्र जमायचा हक्क आम्हाला संविधानानं दिलाय."

"तेच म्हणतेय. चपला हलक्या बघून वापरा."

पहिल्या चपलेचा मान सरांना होता. अध्यक्षांच्या तोंडावरचा गमछा सोडायचं गडबडीत राहूनच गेलं होतं. चौकात अनवाणी उभं राहायला त्यांना संकोच वाटत होता, पण आत्ताच एवढं बोलल्यावर माघार घेता येईना. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, डोळे मिटले आणि अध्यक्षांच्या पाठीत एक लगावली. बांधणी उत्तम होती. अध्यक्ष हलले नाहीत. पण गमछ्याची गाठ सुटली आणि तो खाली पडला.

चपला उगारलेले हात तसेच थांबले.

अध्यक्ष लोकांकडं बघत होते. अर्धे मिटलेले, किंचित खाली झुकलेले, शांत डोळे. एवढी चप्पल खाऊनही त्यांत राग नव्हता. उलट, मारणाऱ्याचं काही चुकलं असेल तर ते पोटात घालायची तयारी दिसत होती.

पहिल्या रांगेत अळूच्या जुड्या घेऊन बसलेल्या धोंडुबाईच्या हातातून जुडी गळाली. "अगो बाय," ती म्हणाली, "बाप्पा!" आणि तिनं हात जोडले.

तिचं बघून शेजारणीनं जोडले. मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, पण पुढच्यांनी हात जोडलेत म्हटल्यावर त्यांनीही जोडले. ज्यांनी मारायला चपला काढल्या होत्या ते आता देवापुढं काढल्यासारखे अनवाणी उभे राहिले.

"सरांनी बाप्पाला चप्पल मारली!" गर्दीतून एक आवाज फुटला. तो आदर्शचा होता. आदर्श म्हणजे आळीतल्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी, वर्षभर वर्गणीच्या आणि ढोलाच्या विचारात असलेला पोरगेला माणूस. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अहो, हे बाप्पा नाहीत!" सर घाबरून म्हणाले. "हा अध्यक्ष आहे! आणि तुम्ही काय... काय हो..." त्यांची नजर पुतळ्याच्या खिशावर गेली होती. काळ्या दोऱ्याचा रफू. "हा माझा कोट आहे!"

"कोट राहू दे, चप्पल मारली का नाही?"

"मारली! पण माझ्या कोटाला मारली!" सरांना एकदम सुटकेची वाट दिसली. "माझ्या मालकीच्या कोटाला मी चप्पल मारली, हा माझा खाजगी प्रश्न आहे!"

दहापंधरा मोबाईल वर झाले होते. ऋजुता मॅडमनी शिट्टी वाजवली. एरवी अशा वेळी हवालदार पुतळ्याची तंगडी धरून फरफटत गाडीत टाकतात. आज कुणीच पुढं होईना. शेवटी एका हवालदारानं बूट काढले, अध्यक्षांना दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि छातीशी धरून गाडीकडं निघाला. गर्दीतून कुणीतरी सवयीनं "गणपती बाप्पा" म्हणालं आणि पुढचा शब्द गिळून टाकला.

ठाण्यात सगळे बाकावर बसले: मोतीराम, सुजय, सर आणि आदर्श. अध्यक्षांना खुर्ची दिली होती, कारण त्यांना खाली ठेवायला कुणी धजेना.

मोतीराम खरोखरच हादरला होता. त्यानं आत पाऊल टाकल्यापासून तीनदा कान धरले होते. "मॅडम, देवाशपथ, मनात काय नव्हतं."

"मग हे डोळे कुठून आणलेस?"

"मला येकच डोळा येतो. दोनदा काढला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आजवर तू जेवढे पुतळे केलेस, त्या सगळ्यांना हेच डोळे?"

"व्हय. पन वरनं फोटो चिटकवतात ना. कोन बघतोय?"

सरांनी कपाळाला हात लावला. जगातले कोण कोण राज्यकर्ते फोटोखालून आपल्याकडं कसल्या नजरेनं बघत जळून गेले, हे त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं.

"आता याचं करायचं काय ते बोला," मॅडम म्हणाल्या.

"जाळू देणार नाही," आदर्श म्हणाला. "आणि असाच पडूनपण ठेवू देणार नाही."

"मग कुंडलिकेत विसर्जन करू या," बूट काढलेला हवालदार म्हणाला.

"त्या अध्यक्षाचं विसर्जन?" सुजय उडालाच. "वाजतगाजत? उद्या मला पक्षात कोण ठेवील?"

शेवटी मोतीरामच म्हणाला, "डोळेच नडतायत ना? मंग पुसतो. दुसरे काढतो. रागीट."

आदर्शला ते पटलं, मात्र त्याच्या देखत व्हायला हवं होतं. बाहेर भिंतीवर सूचना रंगवायचं काम चालू होतं. तिथला ब्रश आणि काळा रंग आला. मोतीरामनं कान धरले, ओल्या फडक्यानं डोळे पुसले आणि नवे आखले. झाले तेच. पुन्हा पुसले, पुन्हा तेच. हात वळणावर आला की आपोआप खाली झुकायचा.

"कुणीतरी रागवा हो," तो काकुळतीनं म्हणाला. "बघून काढतो."

सुजयनं डोळे वटारले, पण ते दुकानावरच्या फोटोसारखे दिसायला लागले. हवालदाराला हसूच आवरेना. मॅडमनी भुवया चढवल्या.

"मॅडम, रागावलाव काय?"

"मग काय करतेय?"

"नाय दिसत."

आदर्श रागावलेला होता खरा, पण मोतीराम त्याच्या डोळ्यांत बघायला गेला तर ते भरून आलेले. लहानपणापासून चतुर्थीला चौरंगापाशी बसून ज्या डोळ्यांकडं बघितलं, त्यांच्यावर चप्पल उगारलेली त्याला बघवली नव्हती. मोतीरामनं ब्रश खाली केला आणि म्हणाला, "माफ कर रं दादा." आदर्शनं मान फिरवली.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आवडी आत आली. सरांच्या घरी वत्सलाबाईंच्या मोबाईलवर चौकातला व्हिडिओ पोचला होता. कोटही दिसला होता, आणि कोटाला चप्पल मारणारे सरही.

"रानीच्या बापसा!" लेकीच्या नावानं नवऱ्याला मारलेल्या या हाकेनं टेबलावरचा ग्लास वाजला. "मी बाईंकडनं गुपचूप कोट मागून आनला तो सरांच्याच पुढं उभा कराला? चोरीमारीचा आळ यील माझ्यावर, काम जाईल माझं! तुला जगाची पंचाईत काय करायची हाय? तो मानूस तिकडं जेवून झोपला असंल, आनि तू हितं पोलिसात बसलायस त्याचे डोळे काढत! आनि तुमी ओ सर, तुमाला तरी कळाचं व्हतं, आपला कोट वळखला नाय? सुजयशेट, तुमी तर बोलूच नका! आनि तू काय रडतंस रं," ती आदर्शकडं वळली, "जेवलास का सकाळपासनं?"

"नाही," आदर्श हळूच म्हणाला.

"आवडे!" मोतीराम ओरडला. "हालू नको गो! अशीच ऱ्हा!"

"काय?"

"अशीच बघ! आजून बोल मला!"

त्यासाठी आवडीला आग्रहाची गरज नव्हती. ती बोलत राहिली आणि मोतीरामचा हात आयुष्यात पहिल्यांदा वर वळला. बुबुळं मोठी झाली, पापणी ताणली गेली, भुवईला टोक आलं. त्यानं ब्रश उचलला तेव्हा हवालदार दोन पावलं मागं सरकला. खुर्चीवरचे अध्यक्ष खोलीतल्या प्रत्येकाकडं अशा नजरेनं बघत होते की मॅडमनीसुद्धा ओढणी सारखी करावी तशी टोपी सारखी केली.

"हे बाप्पा नाहीत," आदर्श ठामपणे म्हणाला. त्याची तक्रार तिथंच संपली.

"वा!" सुजय उठला. "आता याला कुणीपण जाळेल. परवा परवानगी काढतो आणि—"

"जाळाचं नाय," मोतीराम म्हणाला.

"का? आता काय झालं?"

"माझ्या बायकोचे डोळे हायत त्याला."

आवडीनं तेव्हा पहिल्यांदा पुतळ्याकडं नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं वळून विचारलं, "मी अशी दिसतंय?"

सुजय मोबाईल बघायला लागला. सर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते, पण तेही टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिले.

मॅडमनी गुन्हा दाखल केला नाही. पुतळा ज्याचा त्याच्या ताब्यात, कोट ज्याचा त्याच्या ताब्यात, एवढं लिहून त्यांनी सगळ्यांना घालवून दिलं. सरांनी ठाण्यातच कोट झटकून अंगात घालून बघितला. तो बसला नाही. पाठीवर चपलेचा ठसा उमटला होता, तो ब्रशनं घासूनही गेला नाही. घरी वत्सलाबाईंनी तो घडी घालून पुन्हा ट्रंकेच्या तळाशी ठेवला, आणि आवडीचं काम गेलं नाही. उलट सरांपासून काहीतरी लपवायला मिळाल्याच्या आठवणीनं त्या दोघी मोरीपाशी बसून अधूनमधून हसत. सरांनी पुढच्या बैठकीत स्वातंत्र्य आणि जबाबदारी असा विषय ठेवला.

अध्यक्ष उघड्या अंगानं मोतीरामच्या अंगणात आले. आवडीनं त्यांना घरात घेतलं नाही. तिनं अंगणात सुकत घातलेल्या मासळीपाशी त्यांना उभं केलं. वाडीतल्या मांजरांनी त्या दिवसापासून वाट बदलली, आणि शेजारणीही आपली मासळी त्यांच्या नजरेच्या टापूत आणून घालू लागल्या.

महिन्याभरानं बातमी आली की त्या अध्यक्षानं कर बराच कमी केला. सुजयनं चौकात फटाके लावले आणि आपल्या पक्षाच्या आंदोलनाचा विजय म्हणून फलक लावला. मोतीरामला ते अजिबात मान्य नव्हतं. टपरीवर त्यानं सगळ्यांना आपलं म्हणणं ऐकवलं.

"आंदोलनानं नाय. जाळला नाय, म्हनून. जाळला असता तर तो चिडला असता. आता कसं, त्याला आतून वाटत असंल, का कोनीतरी बघतंय आपल्याकडं. सारखं बघतंय. रात्री झोप लागत नसंल. मंग मानूस कर कमी करनार नाय तर काय करंल?"

"बोलणी चालली होती रे दोन देशांची," टपरीवाला म्हणाला.

"बोलनी चालली असतीलच की," मोतीराम म्हणाला. "माझ्याकडं पन रोज चालतात. कमी कधी केलंय आवडीनं काय, ते सांग."

एका रविवारी विरुद्ध पक्षाचा एक कार्यकर्ता पुतळा सांगायला वाडीवर आला. अंगणात शिरताच मासळीपाशी उभ्या असलेल्या त्या नजरेनं तो जागीच थबकला. "हा कुणाचा?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"ही आमची आवडी," मोतीराम अभिमानानं म्हणाला.

आवडी दारातच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तांब्या तिनं गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. मोतीरामनं तिच्याकडं एकदा बघितलं, पुतळ्याकडं एकदा बघितलं, आणि गिऱ्हाइकाचा दंड धरून म्हणाला, "चला, टपरीवर जाऊन बोलू. चा पन व्हईल. आता सांगा, काय केलंन यानं?"